एनर्जीप्लस : आईच्या खोलीचा उन्हाळा आधी संगणकात काढला

"थर्मामीटर काय सांगते ते तू पाय, मले त वरून तवा ठेवल्यावानी लागते."

२०२२ च्या मे महिन्यात, रात्री साडेदहाला, आई हे बोलली. मी तिच्या खाटेशेजारी उभी राहून भिंतीवरचा आकडा वाचत होते. ३६ अंश. गच्चीवर ३४. दोन्ही खिडक्या उघड्या, पंखा पाचवर. अकोल्याच्या मे महिन्यातल्या रात्रीला ३६ म्हणजे काही जगावेगळं नाही, आणि आईने ७१ उन्हाळे याच गावात काढलेत. तरीही ती उशी घेऊन खालच्या ओसरीत जाऊन झोपायची. मी सिव्हिल इंजिनिअर, १९ वर्षं याच गावात लोकांची घरं बांधतेय, आणि माझ्या आईला तिच्या खोलीत झोप का लागत नाही हे मला आकड्यांत सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी जुन्या घरावर नव्या दोन खोल्या काढायचं ठरलं. त्या बांधण्याआधी मी त्यांचा उन्हाळा संगणकात काढून पाहिला. त्यासाठी जी साधनं वापरली त्यांच्याबद्दल हे लिहितेय. मुख्य म्हणजे एनर्जीप्लस, ते चालवायला ओपनस्टुडिओ, आणि जोडीला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या सेंटर फॉर द बिल्ट एन्व्हायर्नमेंटचं वेबवर चालणारं थर्मल कम्फर्ट टूल. तिन्ही फुकट आहेत. माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर चालतात.

एनर्जीप्लस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं. २००१ साली पहिल्यांदा बाहेर आलं. त्याआधीच्या ब्लास्ट आणि डीओई-२ या दोन जुन्या प्रणालींमधलं चांगलं ते घेऊन घडवलेलं. ते करतं काय, तर तुमच्या खोलीच्या प्रत्येक भिंतीचा, छताचा, काचेचा, जमिनीचा उष्णतेचा हिशोब वर्षाच्या ८,७६० तासांसाठी मांडतं. एका तासाचेही मुळात सहा भाग पाडतं. सूर्य कुठे आहे, स्लॅबने दुपारी किती ऊन प्यायलं, ते आतल्या बाजूला किती वाजता पोचलं, खिडकीतून किती हवा आली, माणसाच्या अंगातून किती उष्णता निघाली, हे सगळं एकाच ताळेबंदात येतं. आमच्या दोन खोल्यांचं अख्खं वर्ष मिनिटभरात निघतं.

त्यासाठी गावाचं हवामान लागतं. इशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या भारतीय संस्थेच्या हवामान फायलींत अकोला आहे, याचा मला फार आनंद झाला. नागपूर असेल हे गृहीत होतं, पण अकोला वेगळं असेल असं वाटलं नव्हतं. मात्र ती फाइल जुन्या वर्षांच्या नोंदींमधून निवडलेलं 'नमुनेदार' वर्ष आहे. लाट आलेला मे महिना त्यात नाही. क्लायमेट वनबिल्डिंगच्या साइटवर अलीकडच्या वर्षांच्या फायली मिळतात. मी दोन्ही लावून पाहिल्या आणि निर्णय घेताना गरम निघालेली धरली. घर बांधणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन.

आता त्या तव्याबद्दल. माणसाला किती गरम वाटतं हे सहा गोष्टींवर ठरतं, हे डेन्मार्कच्या फँगर यांनी १९७० साली मांडलं : हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, वारा, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. भिंतीवरचा थर्मामीटर त्यातली पहिलीच गोष्ट सांगतो. दुसरी, जिला एमआरटी म्हणतात, ती म्हणजे छत आणि भिंती तुमच्या अंगावर जी आच टाकतात ती. चुलीसमोर बसलं की हवा गार असली तरी तोंड भाजतं, तसंच. पाठ टेकून उताणं झोपलेल्या माणसाला छतच सगळ्यात जास्त 'दिसतं', आणि आमचं पाच इंची उघडं छत संध्याकाळी सात-आठला सगळ्यात तापलेलं असतं.

हे बर्कलीच्या टूलमध्ये कुणालाही पाच मिनिटांत पडताळता येतं, इंजिनिअर असण्याची गरज नाही. हवा २८ अंश, एमआरटी २८, आर्द्रता ४० टक्के, पंख्याचा वारा ०.८ मीटर प्रति सेकंद, बसलेला माणूस, सुती कपडे असे आकडे भरा. अ‍ॅश्रे या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या मानक ५५ मध्ये बसतं, असं ते सांगेल. आता हवेला हात न लावता फक्त एमआरटी ३४ करा. लगेच नियमाबाहेर. मी हे आईला मोबाइलवर दाखवलं. तिने आकडे पाहिले नाहीत, पण "म्हणजे वरचं गरम हाय, खोली नाई" असं बरोब्बर म्हणाली.

खात्री करायला मी टेबल टेनिसचा चेंडू आणला, काळा मॅट रंग दिला, भोक पाडून त्यात डिजिटल थर्मामीटरची टोकाची तार घातली आणि खाटेच्या वर टांगला. क्षेत्रीय अभ्यासांत असा ४० मिलिमीटरचा गोळा वापरतात. रात्री दहाला हवा ३६, चेंडू ३९. पंख्याचा वारा लागत असूनही तीन अंश जास्त. वरून तवा होता तो हा.

नव्या खोल्यांसाठी आमच्या मिस्त्रींचा सल्ला ठरलेला होता. "ताई, छत दहाचं अकरा फूट करू, गरमी वर राहते." गेली कित्येक वर्षं मीही लोकांना हेच सांगत आले होते. एनर्जीप्लसमध्ये फूटभर उंची वाढवली. रात्री दहाच्या तापमानात फरक पडला ०.२ अंश. पश्चिमेची खिडकी मोठी केली, तर दुपारी चारला खोली उलट एका अंशाने तापली. भिंती विटेच्या जागी एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) केल्या, पश्चिमेच्या भिंतीला बरा फरक दिसला, पण छत होतं तसंच. मग छतावर उष्णता अडवणारा ५० मिलिमीटरचा एक्सपीएस फोमचा बोर्ड, त्यावर कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक टाकून पाहिली. छताचा आतला पृष्ठभाग संध्याकाळी ४५ वरून ३७ वर आला. इतक्या साऱ्या पर्यायांमधून एकट्या या बदलाने रात्र बदलली.

पण इथे माझ्याकडून एक चूक झाली होती आणि ती सांगायलाच हवी, कारण नवीन माणूस हमखास इथे अडतो. चायना मोझॅक पांढरी केली काय नि काळी केली काय, उत्तर बदलेना. दोन दिवस मी फाइल पुन्हा पुन्हा तपासत होते. शेवटी कळलं की एनर्जीप्लसमध्ये छताचे थर बाहेरून आत या क्रमाने लिहायचे असतात आणि मी आतून बाहेर लिहिले होते. म्हणजे माझी पांढरी फरशी खोलीच्या आत होती आणि उन्हात होतं ते प्लास्टर. प्रणालीने एकदाही 'सिव्हिअर' किंवा 'फेटल' असा इशारा दिला नाही, कारण तिच्या दृष्टीने ते छत शक्य होतं. तुम्ही जे सांगाल ते ती खरं मानते. म्हणून एक सवय लावून घ्या : उत्तर मिळालं की एक गोष्ट मुद्दाम टोकाला नेऊन पाहा. काळ्या आणि पांढऱ्या छताचं उत्तर सारखं येत असेल तर कुठेतरी गडबड आहे.

तेवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणसं. प्रणालीत खिडक्या कधी उघड्या, पंखा कधी, माणूस कधी खोलीत, हे वेळापत्रक द्यावं लागतं. मी आधी आळसाने खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या. दुपारची खोली ४१ वर गेली. मग आई खरोखर काय करते ते विचारलं. ती पहाटे साडेचारला सगळं उघडते, नऊला दारं-खिडक्या लावून पडदे ओढते, संध्याकाळी सात वाजेपर्यंत उघडत नाही. आजीही असंच करायची. हे वेळापत्रक भरलं आणि दुपार तीन अंशांनी उतरली. एकही रुपया न घालता. ज्यांनी घराचं सिम्युलेशन करून घ्यायचं ठरवलंय त्यांनी सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, की आमच्या घरातल्या माणसांचा दिवस तुम्ही कसा भरलाय.

कपड्यांचंही तसंच. कपड्यांच्या उबेसाठी 'क्लो' नावाचं माप आहे. तयार यादीत शर्ट-पँट असते, लुगडं नसतं. माधवी इंद्रगंटी यांनी साडी नेसण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींवर याच मापाने काम केलंय, आणि पदर कसा घेतला त्यावरही आकडा बदलतो हे त्यातून दिसतं. आई घरात सुती नऊवारी नेसते. मी तिच्यासाठी आकडा थोडा वर धरला.

आता जिथे ही साधनं आमच्या गावाला कमी पडतात ते सांगते.

नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या घरांसाठी फँगर यांचं गणित फार कडक ठरतं, म्हणून डि डिअर आणि ब्रेगर यांनी १९९८ मध्ये वेगळी मांडणी केली : बाहेर जसा ऋतू बदलतो तशी माणसाची अपेक्षाही बदलते. आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या कार्यालयांमध्ये माणसांना विचारून भारतीय सूत्र काढलं, ते आयमॅक. उघड्या खिडक्यांच्या इमारतीसाठी ते सोपं आहे : बाहेरच्या गेल्या ३० दिवसांच्या सरासरीला ०.५४ ने गुणा, १२.८३ मिळवा. मार्चमध्ये बाहेरची सरासरी २८ असेल, तर आतलं योग्य तापमान जवळपास २८ येतं, आणि त्याच्या २.३८ अंश वर-खाली बहुतेकांना चालतं. एसीचा आकडा सरसकट २२-२४ वर ठेवणाऱ्यांनी हे सूत्र एकदा तरी वापरून पाहावं. मी वापरलेल्या एनर्जीप्लसमध्ये ते तयार नव्हतं, एक्सेलमध्ये स्वतः काढावं लागलं.

आणि तिथेच अडचण आली. अ‍ॅश्रेचा अशा घरांसाठीचा आलेख बाहेरच्या ३३.५ अंश सरासरीवर संपतो, आयमॅकचा ३१ वर. अकोल्याच्या मे महिन्याची दिवस-रात्र सरासरी ३५ च्या घरात जाते. म्हणजे ज्या महिन्यासाठी मला हे सगळं हवं होतं, नेमका तोच महिना आलेखाच्या बाहेर. मला त्याचं फार वाईट वाटलं. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात कोट्यवधी माणसं त्या रेघेच्या पलीकडे मे महिना काढतात. मग मी 'आरामदायी किती तास' हा हिशोबच सोडला. दोन पर्यायांपैकी रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत कोणत्या खोलीत जाणवणारं तापमान कमी, एवढंच पाहिलं. आमच्या भागात काम करणाऱ्याने असंच करावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी उणीव वाऱ्याची. वेगळं काही सांगितलं नाही तर एनर्जीप्लस खोलीतली सगळी हवा एकसारखी ढवळलेली मानतं. छताखालची हवा आणि खाटेवरची हवा त्याच्या लेखी एकच. पंख्याचा झोत खाटेच्या कोणत्या टोकाला लागेल हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी ओपनफोमसारखं प्रवाहाचं गणित लागतं आणि ते दोन खोल्यांच्या घरासाठी शिकण्यात अर्थ नाही. मी पंख्याखाली अगरबत्ती लावून धूर पाहिला, काम भागलं. मात्र एक सोय चांगली आहे : खोलीतला माणूस एखाद्या भिंतीजवळ आहे असं सांगता येतं. आईची खाट पश्चिमेच्या भिंतीला लावून आणि मग पूर्वेच्या भिंतीला लावून पाहिली. संध्याकाळी फरक दिसला, खाट हलली.

कूलरचं मात्र गणित सुंदर निघतं. विदर्भात एसीआधी कूलर येतो, आणि ओलसर ताट्यांतून हवा खेचणाऱ्या यंत्राची नोंद एनर्जीप्लसमध्ये वेगळी आहे. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १८ टक्के असताना ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, २४ च्या आसपास येतं. बरा कूलर या १९ अंशांच्या अंतरातलं पाऊण अंतर कापतो, म्हणजे २९ अंशांची हवा देतो. जूनमध्ये ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता झाली की ओला बल्ब साडेअठ्ठावीसवर चढतो आणि तोच कूलर ३० अंशांची चिकट हवा फेकतो. मृगानंतर कूलर का नकोसा होतो ते असं. मला सगळ्यात उपयोगी वाटला तो पाण्याचा आकडा. आमच्या कूलरच्या मापाने ऐन दुपारी तासाला १२ लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. अकोल्याला पाणी काटेपूर्णेच्या धरणातून येतं आणि नळ रोज येत नाही. उघड्या स्लॅबखाली कूलर दिवसाला १४ तास लागत होता, छत केल्यावर ८ तास पुरेल असं उत्तर आलं. भावाला छताचा खर्च पटला तो इथे. बोर्ड, कोबा, मोझॅक मिळून ४६,००० रुपये झाले. त्याच्या मनात त्या पैशात एसी बसवायचा होता. विजेचा हिशोब त्याने ऐकून घेतला, पण पाण्याच्या टाकीचा हिशोब ऐकून तो गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बोर्डाचे भाव विचारून आला.

जाता जाता नियमाचं सांगते. घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ सालची. तिच्यात छताची उष्णता-वहनाची मर्यादा १.२ आहे; आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी आत येते. उघडा पाच इंची स्लॅब ३ च्या वर असतो. आमचं नवं छत ०.५ च्या आसपास आहे. गावात जी घरं उभी राहताहेत, त्यातली किती त्या १.२ मध्ये बसतील हे गच्चीवर उभं राहून नजर फिरवली की दिसतं.

मला स्वतःसाठी एक गोष्ट करून पाहायची होती, ती केली. आजोळचं धाब्याचं घर मांडलं. लाकडी सरे, त्यावर कडब्याचा थर, वर फूटभर पांढरी माती. दुपारी आतलं छत बाहेरच्या उन्हाला दादच देत नाही. मातीतून उष्णता खाली पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. आणि मध्यरात्री घरात कोणी नसायचंच, आम्ही सगळे अंगणात बाजांवर. संगणकात मी 'रात्री खोलीत शून्य माणसं' असं भरलं तेव्हा कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले.

खोल्या २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाल्या. त्याच मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि उष्णतेमुळे प्रशासनाने कलम १४४ लावलं. यापेक्षा कठीण परीक्षा मला मागूनही मिळाली नसती. काळा चेंडू नव्या खोलीत टांगला. रात्री दहाला हवा ३५.५, चेंडू ३६. संगणकाने छताचा आतला पृष्ठभाग ३७ सांगितला होता. इन्फ्रारेड मापकाने मोजला तो ३८ निघाला. हा एक अंश कुठून आला तेही सापडलं : मोझॅकवर धूळ बसते. मी पांढऱ्या फरशीचं ऊन शोषण्याचं प्रमाण ०.३ भरलं होतं, ०.४५ भरल्यावर उत्तर जुळलं. आता दर पंधरा दिवसांनी गच्ची धुणं हा आमच्या घरचा नियम झालाय, कपडे धुतलेल्या पाण्यानेच.

खोली थंड झाली असं मी म्हणणार नाही. ३५ अंश म्हणजे ३५ अंशच. पण आई त्या महिन्यात एकाही रात्री उशी घेऊन खाली गेली नाही.

शिकायला किती वेळ लागतो असं बरेच जण विचारतात. मला ओपनस्टुडिओत दोन खोल्या काढून पहिलं खरं वाटावं असं उत्तर मिळायला तीन आठवडे लागले, रोज रात्री तासभर. खोलीचा आराखडा त्यातल्याच फ्लोअरस्पेस संपादकात काढता येतो, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. मदतीचे दस्तऐवज इंग्रजीत आणि हजारो पानांचे आहेत. मराठीत मला काही सापडलं नाही, ही खरी अडचण आहे. पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवणाऱ्यांनी याचे दोन तास जरी घेतले तरी पुढची घरं बदलतील, इतकं हे छताच्या बाबतीत थेट बोलतं. ज्यांना घर बांधून घ्यायचंय आणि स्वतः शिकायचं नाही, त्यांनी निदान बर्कलीचं टूल उघडून एमआरटीचा आकडा वर-खाली करून पाहावा आणि मग आर्किटेक्टकडे जाऊन छताबद्दल बोलावं.

एक प्रश्न माझा अजून सुटलेला नाही. पश्चिमेला शेजाऱ्यांचं पत्र्याचं गोदाम आहे. एनर्जीप्लसमध्ये मी ते सावली देणारी वस्तू म्हणून मांडलं होतं, पण पत्रा सावली देतो तसा दुपारी तापून आमच्या भिंतीवर आचही टाकतो. भोवतालच्या वस्तू वेगळ्या सांगितल्या नाहीत तर त्या हवेइतक्याच तापलेल्या आहेत असं प्रणाली धरते. पत्रा तसा नसतो. गेल्या एप्रिलमध्ये इन्फ्रारेड मापकाने त्याचा आकडा घेतला, ६१ अंश. सध्या त्याची तासागणिक नोंद करतेय, म्हणजे ती फाइलमध्ये भरता येईल. आईने तोवर त्या भिंतीला मधुमालतीचा वेल लावलाय आणि तो पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलाय.